मुक्तावैनीच्या राबातला दगड

माणूस पारखायचा असेल तर त्याच्या बैलाचे खूर बघावेत. हे मी उगाच म्हणत नाही. मी बद्रुद्दीन नालबंद. बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारण्याचा आमचा धंदा आजोबांपासून तिकोणा पेठेत चालत आला. जो बैल पाय धरताच बिचकतो त्याचा मालक घरात आरडाओरडा करतो, आणि ज्याच्या बैलाचे खूर फाटेपर्यंत कोणी बघत नाही त्याच्या घराचं छप्परही गळत असतं. आमच्या पेठेतल्या रखमाजीचे बैल शांत, सरळ, थोडे मंद. रखमाजी स्वतःही अगदी तसाच. पण त्याच्या बायकोचं, मुक्तावैनींचं, माप घ्यायला माझ्याकडे कसलंच साधन नव्हतं.

मुक्तावैनी थापा मारायच्या. गावात लहानथोर सगळ्यांना हे ठाऊक होतं. त्यांची म्हैस म्हणे पवनेच्या पुरात तळातून चालत पलीकडे गेली आणि येताना शिंगात मासा अडकवून आली. त्यांच्या माहेरी म्हणे एवढा भोपळा धरला की त्याच्या आत कोंबडी अंड्यांवर बसली. तिकोणा किल्ल्याच्या बुरुजावर त्यांनी वाघाला जांभई देताना पाहिलं होतं, आणि ती जांभई इतकी लांबली की वाघाचं तोंड मिटेपर्यंत यांची भाकरी खाऊन झाली. आता खोटं बोलणारा माणूस काहीतरी पदरात पाडून घ्यायला खोटं बोलतो. मुक्तावैनींना त्यातून काय मिळायचं? काही नाही. उलट तोंड दुखायचं.

मिळायचं ते आम्हाला. बैलाला पत्र्या मारायच्या म्हणजे दोर लावून त्याला आडवा पाडायचा, पाय बांधायचे आणि मग खिळे ठोकायचे. बैल घाबरतो, आणि त्याचा मालक त्याच्याहून जास्त घाबरतो. अशा वेळी मुक्तावैनी घागर घेऊन जाता जाता माझ्या छपरापाशी थांबल्या आणि त्यांनी म्हशीचं काढलं, की मालक हसायला लागायचा. मालकाचा हात सैल पडला की बैलही श्वास सोडायचा. भातलावणीला तर त्यांना फार मागणी. आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज सगळ्या मिळून तुझ्या खाचरात, उद्या सगळ्या मिळून माझ्या. दिवसभर कंबरेतून वाकायचं, पाय चिखलात, पाठीवर पाऊस. बायका म्हणायच्या, मुक्ता रांगेत असली की दुपार कधी झाली ते कळत नाही.

आता राबाचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथे झाला. मावळात भाताचं रोप टाकण्याआधी ती जागा भाजून घेतात. शेणाचा थर, त्यावर झाडांच्या वाळलेल्या फांद्या, त्यावर पातेरा म्हणजे वाळका पालापाचोळा आणि वरून माती. मग ते पेटवायचं आणि दिवसभर धुमसू द्यायचं. याला राब भाजणं म्हणतात. आमच्याकडे तिकोण्याच्या अंगाला वारा असा भणाणतो की नुसत्या मातीनं भागत नाही. पातेरा उडू नये म्हणून वर दगडही ठेवतात. भाजून झालं की दगड उचलून बांधावर टाकायचे, पुढच्या वर्षी तेच पुन्हा घ्यायचे. आजा-पणज्यापासून हे चाललेलं. त्यामुळे पेठेतला कुठलाही बांध बघा, दगड भाजून भाजून काळेठिक्कर पडलेले.

सन अडतीसच्या वैशाखातली गोष्ट. भर दुपारी, जेवणं उरकून गाव आडवा झालेला, आणि आभाळात लागोपाठ दोन-तीन बार झाले. भांडी खणखणली, कुत्री खाटेखाली शिरली. धरणांच्या कामाचे सुरुंग ऐकत मोठी झालेली माणसं आम्ही. कुठेतरी दगड फोडत असतील म्हणून कूस बदलली आणि पुन्हा डोळे मिटले. तेवढ्यात मुक्तावैनी राबाकडून धावत आल्या. पदर सुटलेला, तोंडाला राख.

“आभाळातनं दगड पडला! माझ्या राबात!”

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर पुढचं रामायण टळलं असतं. पण थांबतील त्या मुक्तावैनी कसल्या! लोक जमायला लागले तसा दगड वाढायला लागला. आधी तो नारळाएवढा होता. सुताराच्या घरापर्यंत येईतो भोपळ्याएवढा झाला. माझ्या छपरापाशी पोचला तेव्हा तो रेडकाएवढा होता, निखाऱ्यासारखा लालबुंद होता आणि येताना आगगाडीसारखी शिट्टी घालत होता.

आम्ही सगळे बघायला गेलो. राब धुमसत होता, धुरानं डोळे चुरचुरत होते. मधे एका जागी पातेरा विस्कटलेला दिसला, बाकी काही नाही.

“वैनी, रेडकू कुटं गेलं?” दत्तोबानं विचारलं. दत्तोबा हा रखमाजीचा बांधशेजारी. भाताची गाडी कामशेतला नेणारा, मनानं वाईट नाही, पण टवाळ. त्याच्या बैलांची शिंगं रंगवलेली आणि खूर मात्र वाढलेले. यावरून काय ते ओळखा.

“आत रुतलंय,” मुक्तावैनी म्हणाल्या. “राब निवू दे, दावते.”

राब दुसऱ्या दिवशी निवला. आणि बायको पाण्याला गेली असताना रखमाजी खोरं घेऊन राबात उतरला. दरवर्षीप्रमाणे त्यानं जागा सारखी केली, वर पडलेले, आत रुतलेले सगळे दगड उपटले आणि बांधावर भिरकावले. कामाचा माणूस! त्याला वाटलं, बायको बघेल आणि खूश होईल. मुक्तावैनी आल्या, त्यांनी सपाट राब पाहिला, मग बांध पाहिला, आणि मटकन खाली बसल्या. बांधावर शेकड्यांनी दगड, सगळे काळे. त्यातला आभाळातला कुठला आणि इथला कुठला, हे आता कोणी सांगावं?

“दगडाला काय तोटा हाय का आपल्याकडं?” रखमाजी म्हणाला. त्यावर त्या दिवशी त्याला जेवताना कालवण मिळालं नाही असं ऐकलं.

दत्तोबाला मग ऊतच आला. रोज एखादा काळा दगड उचलून आणायचा आणि म्हणायचा, “वैनी, ह्यो बगा, चंद्रावरनं आलाय, तुमचा पत्ता इचारतोय.” एक दिवस माझ्या छपराखाली त्याचाच बैल आडवा पाडलेला, भोवती पाच-सात माणसं, आणि मुक्तावैनी घागर घेऊन आल्या. दत्तोबा म्हणाला, “वैनी, आता सूर्य कधी पडायचा तेवढं आधी सांगून ठेवा. घरच्या कुरडया वाळत घालायच्यात.”

सगळे खो खो हसले, मीही हसलो. मुक्तावैनी हसल्या नाहीत. एरवी दत्तोबाला त्यांनी शब्दानं लोळवला असता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझी हातोडी थांबली. ही बाई खरं बोलते आहे, असं मला तेव्हा वाटलं. इतकी वर्षं थापा ऐकून गावानं माना डोलावल्या, आणि ही पहिली खरी गोष्ट कोणी घ्यायला तयार नव्हतं.

“हसा, दत्तूभावजी,” त्या म्हणाल्या. “देवीची आण घिऊन सांगते. त्यो दगड घावला न्हाई, तर ह्या तोंडातनं परत गोष्ट निघायची न्हाई. हितं न्हाई, लावणीला बी न्हाई.”

घागर उचलली आणि गेल्या. बैलसुद्धा मान वळवून त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला.

त्यांनी शब्द पाळला. रोज दुपारी बांधावर बसून एकेक दगड फिरवून बघायच्या, आणि येता-जाता कोणी काही विचारलं तर ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ यापलीकडे बोलायच्या नाहीत. गाव अळणी झालं. माझ्या छपराखाली बैल लाथा झाडायला लागले. एक माझ्या गुडघ्यावर बसली ती मी दत्तोबाच्या नावे जमा धरली. खुद्द दत्तोबाची बायको नंदाबाई त्याच्यावर उखडली. “लावणीला आता तुमी या रांगेत,” तिनं सुनावलं, “आन् दिसभर गोष्टी सांगा. बघू किती येत्यात.” दत्तोबा दोन-तीन दिवस घरात पाहुण्यासारखा, वाढलं तेवढंच जेवला.

माझा धाकटा भाऊ वाहिद लोणावळ्याला रेल्वेत सांधेवाला, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारा, होता. त्या उन्हाळ्यात पुण्याच्या कॉलेजातले एक मास्तर तिथे हवा खायला आले होते. शिकवायचे दगड. म्हणजे दगडांना नव्हे, दगडांविषयी. ते बार त्यांनी लोणावळ्यात स्वतः ऐकले होते आणि तेव्हापासून भेटेल त्याला विचारत होते, कुठे काही पडलं का. फलाटावर त्यांनी वाहिदला विचारलं.

“न्हाई जी,” वाहिद म्हणाला. “आमच्या गावात एक बाई म्हनतीया, पर ती थापा मारती.”

“काय थाप मारते?”

“म्हनती, बार झालं आन् राबात दगड पडला.”

मास्तरांनी पुढचं ऐकलंच नाही म्हणे. तडक पिशवी गळ्यात अडकवली आणि वाहिदला सुट्टी काढायला लावली. कामशेतपर्यंत गाडी, तिथून बैलगाडी, आणि संध्याकाळी दोघे माझ्या दारात हजर. मास्तर बारीक, चष्मेवाले, गळ्यात पिशवी. चालताना टाचा उचलून चालायचे, उमद्या घोड्यासारखे. मला माणूस आवडला.

मुक्तावैनींनी त्यांना काही सांगितलं नाही. “घावला की बोलंन,” एवढंच म्हणाल्या. रखमाजीनं मास्तरांना बांध दाखवला. मास्तरांनी त्या काळ्या ढिगाकडे पाहिलं, कपाळावर हात मारून घेतला आणि मोठ्यानं हसले.

“अहो, जगात कुठेही पडला असता तर काळा म्हणून चटकन सापडला असता. नेमका तुमच्या राबात पडला!”

मग पारावर बसून त्यांनी आम्हाला समजावलं. आपला मावळचा दगड म्हणजे जमिनीच्या पोटातून आलेला तापलेला रस थिजून झालेला. म्हणून त्यात बुडबुड्यांची भोकं असतात, आणि फोडला तर आतूनही काळपट. आभाळातला दगड तसा नसतो. तो हवेतून इतक्या वेगानं येतो की त्याची वरची कातडी वितळते आणि लगेच थिजते. काळी असते ती तेवढीच, अंड्याच्या टरफलाएवढी. आत राखाडी. भोकं नाहीत. आणि आत लोखंडाचे बारीक कण असतात, म्हणून आकाराच्या मानानं जड.

“मंग लोहचुंबक लावा की,” मी म्हणालो.

“तुमच्या मावळात चुंबकाची सुई कुठल्याही दगडाला भुलते,” मास्तर म्हणाले. “या काळ्या दगडातही लोखंड असतं. हातात धरून बघायचं आणि संशय आला तर फोडायचं, दुसरा उपाय नाही.”

रखमाजीची आई झुंबरबाई इतका वेळ कानाला हात लावून ऐकत होती. ती म्हणाली, “म्हंजी भरताचं वांगं. वरनं जळल्यालं, आत पांढरं.”

“अगदी तेच, आजी!” मास्तर उठून उभेच राहिले. “मी कॉलेजात इतकी वर्षं शिकवतोय, मला सुचलं नाही.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच अंबूबाई, जिच्यामागे लावणीची रांग चालते ती, डोक्याला पदर खोचून मुक्तावैनींच्या बांधावर येऊन उभी राहिली. मागे आठ-दहा बायका. “मुक्ते, सावड लावायची,” ती म्हणाली. “आवंदा तुजी पयली. भाताच्या आदी दगडाची.”

अशी सावड पेठेनं कधी पाहिली नव्हती. बायका रांगेत उभ्या. एका टोकाला अंबूबाई ढिगातून दगड उचलायची, तो हातोहात पुढे जायचा, प्रत्येक बाई तो तळहातावर झेलून बघायची. “भोकाचा!” “हलका!” “वांगं न्हाई!” शंका आली की दगड माझ्यापुढे. मी हातोडीचा एक घाव घालायचो, मास्तर वाकून बघायचे आणि मान हलवायचे. रांगेच्या शेवटी मुक्तावैनी होत्या. प्रत्येक दगड शेवटी त्यांच्या हातात यायचा, तो त्या उलटून बघायच्या आणि पलीकडे टाकायच्या. ऊन चढलं. इकडचा बांध तिकडे झाला. वांगं निघालं नाही.

शेवटचा दगड पलीकडे पडला तेव्हा मुक्तावैनी आपल्या रिकाम्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या. बायकांनी माना खाली घातल्या. मला फार राग आला होता, पण कोणावर काढावा ते समजेना.

मास्तरांनी चष्मा पुसला. “या बांधावरून कोणी दगड कुठे नेले आहेत का?”

दत्तोबा बाजूला उभा राहून इतका वेळ गंमत बघत होता. तो आता कान खाजवायला लागला. त्यानं तोंड मिटून ठेवलं असतं तर कोणाला पत्ता लागला नसता, हे मी आजही सांगतो. आपल्या राबावर ठेवायला शेजाऱ्याच्या बांधावरचे दगड न्यायचे, यात आमच्याकडे चोरी कोणी धरत नाही.

“म्या नेलतं,” तो म्हणाला. “चार-सा. जड बगून नेलतं, वाऱ्याला बरं म्हनून.”

“कुठे आहेत?”

दत्तोबानं बोट दाखवलं. त्याच्या राबातून निळा धूर निघत होता. सकाळीच पेटवून तो इकडे आला होता.

आम्ही धावलो. मास्तर सगळ्यांच्या पुढे. “आधीच एकदा भाजलाय, आता पुन्हा आगीत फार वेळ राहिला तर तडकेल,” ते पळता पळता म्हणत होते, “आतलं सगळं बदलेल, मग काही सांगता येणार नाही!” राबाशी येऊन सगळे थांबले. धुमसता राब मोडणं म्हणजे काय, ते शेतकऱ्यालाच ठाऊक. अर्धी जागा कच्ची राहते, तणच तण माजतं, आणि वैशाख सरत आला असताना पुन्हा पातेरा आणि शेण कुठून गोळा करायचं? राब मोडा म्हणून सांगायचा मास्तरांना धीर झाला नाही. मुक्तावैनीही म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या, भावजी. पोटाचं हाय त्ये.”

दत्तोबानं एकदा नंदाबाईकडे पाहिलं. नंदाबाईनं त्याच्या हातात खोरं दिलं.

मग तो त्या धुरात घुसला आणि त्यानं स्वतःचा राब असा उस्कटला की एखाद्या वैऱ्यानंही उस्कटला नसता. ठिणग्या उडाल्या. एक दगड बाहेर आला, दुसरा आला. मी फोडले, काळेच निघाले. तिसऱ्याला भोकं. चौथा त्यानं खोऱ्यानं ओढायला घेतला तर तो येईना, म्हणून घाईत हात घातला आणि ओरडला, “अगं आय आय! लय जड हाय ह्यो!” तरी सोडला नाही. फेकला तो थेट माझ्या पायाशी.

सोललेल्या नारळाहून थोडा मोठा. एकाही बाजूला भोक नाही; ओल्या मातीत अंगठे दाबावेत तसे नुसते खळगे. निवल्यावर मी कडेला हलकेच घाव घातला. टवका उडाला. आत राखाडी, तांदळाच्या भाकरीसारखं फिकट, आणि त्यात उन्हानं चमकणारे बारीक कण.

“वांगं!” झुंबरबाई किंचाळली.

मास्तरांनी दगड दोन्ही हातांत घेतला आणि मुक्तावैनींपुढे धरला. पण त्यांच्या आधी दत्तोबा बोलला. भाजलेला तळहात छातीशी धरून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा. “मुक्तावैनी खरं बोलल्या. ऐकलं का समद्यांनी? खरं बोलल्या.”

मुक्तावैनी रडायला लागल्या. ओठ दाबून नाही, चांगल्या हुंदके देऊन. रखमाजी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि काय करावं न सुचून त्यानं त्यांची घागर हातात घेतली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. धूर होता, पण धुरानं नाही.

मग अंबूबाईला एकाएकी शंका आली. “मुक्ते, म्हंजी ती म्हस बी खरी व्हय?”

सगळं गाव मुक्तावैनींकडे बघायला लागलं. त्या क्षणी त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी आम्ही मानलं असतं. त्यांनी नाक पुसलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “न्हाई गं. म्हस नुसती पवली. मासा म्या लावला.” इतकं हसू लोटलं की रडण्याची जागा राहिली नाही.

दगडाला शेंदूर लावायला झुंबरबाई निघालीच होती. मास्तरांनी हात जोडले, “आजी, तेल-शेंदूर नको, त्याची कातडी बिघडेल.” शेवटी लांबून नारळ फोडून भागलं. खोबरं वाटून खाल्लं आणि सगळे पारावर जमले. ऊन उतरलं होतं. बायकांनी संध्याकाळी रानात जाऊन दत्तोबाच्या राबासाठी पातेरा गोळा करायचा असं अंबूबाईनं परस्पर ठरवून टाकलं.

“पर मास्तर,” रखमाजी म्हणाला, “ह्यो आला कुटनं?”

मास्तरांनी सांगितलं ते असं. मंगळ आणि गुरू या दोन ग्रहांच्या मधे हजारो लहानमोठे दगड सूर्याभोवती फिरत असतात. काही डोंगराएवढे, काही एखाद्या जिल्ह्याएवढे. गोल नाहीत, वेडेवाकडे, आणि फिरता फिरता स्वतःभोवती गिरक्या घेतात. त्यांचा उजेड कमी-जास्त होतो त्यावरून ते कळतं. कोणी विद्वान म्हणतात, तिथे एक ग्रह होता तो फुटला. कोणी म्हणतात, तिथे ग्रह व्हायचाच राहिला, लाडू वळायच्या आधीच सामान विखुरलं. नक्की कोणालाच माहीत नाही. पण त्यातले काही वाट सोडतात आणि पृथ्वीच्या वाटेला आडवे येतात. हा त्यांच्यापैकीच एखाद्याचा टवका असावा, आणि वयानं आपल्या सह्याद्रीहून कितीतरी म्हातारा. “आणि गेल्या दिवाळीच्या तोंडावर,” ते म्हणाले, “तुमच्या तिकोण्याएवढा एक दगड आपल्या पृथ्वीजवळून गेला. चंद्र जितका लांब आहे त्याच्या दुपटीपेक्षाही कमी अंतरावरून. गेल्यावर गणित मांडलं तेव्हा लोकांना कळलं.”

रखमाजीनं दत्तोबाकडे पाहिलं, दत्तोबानं माझ्याकडे.

“मास्तर,” दत्तोबा अदबीनं म्हणाला, “तुमी मुक्तावैनीच्या माहेरचं का?”

मास्तरच सगळ्यांत जास्त हसले. फक्त मुक्तावैनी हसल्या नाहीत. त्या दगडाकडे बघत बसल्या होत्या, तोंड उघडं टाकून, आम्ही त्यांच्याकडे बघत बसायचो तशा.

“आता तुमची पाळी,” मास्तर त्यांच्याकडे वळून म्हणाले. “तुम्ही काय पाहिलं ते मला हवं. जसं झालं तसं, जास्त नाही, कमी नाही.” त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला.

मुक्तावैनी सावरून बसल्या. “राब धुमसत व्हता. बार झालं. म्या वर बगितलं, तर नुसतं ऊन. मंग पाखरांचा थवा जावा तसा आवाज डोक्यावरनं गेला आन् धप्प झालं. पातेरा उडाला. म्या पळाले.”

“दगड केवढा दिसला?”

“दिसलाच न्हाई. लय बिगीनं आला.”

“लाल होता?”

त्यांनी एकदा दगडाकडे पाहिलं. “न्हाई.”

“बरोबर. जमिनीवर येईपर्यंत तो निवलेला असतो. शिट्टी?”

“न्हाई.”

“अजून काही?”

“न्हाई. एवढंच.”

मास्तरांनी लिहून घेतलं. तिकडे पुण्याला त्या चार ओळींना मोठी किंमत असेल. पण इथे पारावर लोक चुळबुळायला लागले. मुक्तावैनींनी आमच्याकडे पाहिलं, घरी पाहुणे यावेत आणि पातेल्यात तळाला चिमूटभर भात निघावा तसं त्यांचं तोंड झालं होतं. खरं बोलून झालं होतं, आणि ते इतकंच होतं.

दत्तोबानं हाताची चिंधी घट्ट केली आणि पुढे सरकून मांडी घातली. “वैनी, ह्ये कागदापुरतं झालं,” तो म्हणाला. “आता आमाला सांगा.”

मुक्तावैनींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी कागदाची घडी करून पिशवीत टाकली आणि पेन्सिल कानावर ठेवली. “साहेब, गाडी चुकंल,” वाहिद म्हणाला. “चुकू दे,” मास्तर म्हणाले आणि तेही पुढे सरकले.

मुक्तावैनींनी पदर खोचला.

“तर त्यो दगड,” त्या म्हणाल्या, “मंगळाच्या येशीतनं बाहेर पडला तवाच म्हनला, जाईन तर तिकोणा पेठंलाच जाईन. वाटंत चंद्र आडवा आला, म्हनला, बस की घटकाभर. तर ह्यो म्हनतो, न्हाई बाबा, तितं दत्तोबाचा राब पेटायच्या आत पोचाया पायजे.”

“खरं हाय,” दत्तोबा म्हणाला.